कडबी चौकातला नकार

२६ डिसेंबर, गुरुवार

काल मला पोलिसांनी ठाण्यात नेलं.

हे वाक्य लिहिलं आणि उठून खोलीचं दार लावून आले. या घरात माझी वही कोणी उघडत नाही. तरी लावलं.

नाताळला मी आयरीनकडे जेवायला जाते. कॉन्व्हेंटपासूनचा तो परिपाठ. तेव्हा तिची आई वाढायची, आता मोहन नगरच्या त्या बैठ्या घरात आयरीन एकटीच असते. यंदा बोधीला सोबत नेलं. माझी नात, संघपालची मुलगी, आठ वर्षांची. केक मिळणार म्हणून सकाळपासून नवा फ्रॉक घालून बसली होती.

आयरीनने तिची द्राक्षांची वाइन काढली. उन्हाळ्याच्या तोंडाशी काळी द्राक्षं स्वस्त झाली की ती बरण्या भरते आणि नाताळला पहिली बरणी उघडते. पांढरा मेजपोश, तिच्या आईचे पायाचे नाजूक पेले. "ले ना प्रेमी, ये तो द्राक्ष का रस है," असं म्हणत ती ओतत राहिली. प्रेमिलाची प्रेमी शाळेत तिनेच केली. पेले किती झाले ते मी पाहिलं नाही. पाहुण्याने पाहूही नये. सिस्टर ॲग्नेसच्या नकला झाल्या, जुनी प्रार्थनागीतं झाली. बोधी आमच्याकडे बघून हसत होती.

उजेड असतानाच निघालो. कडबी चौकाच्या अलीकडे उजवं चाक दुभाजकाला जरासं घासलं. रस्ता तिथे खराबच आहे. मागून बोधी म्हणाली, "आजी, हळू ना."

चौकात वर्षअखेरीची नाकाबंदी होती. वर्दीतली एक तरुण मुलगी काचेशी आली. छातीवरच्या पट्टीवर मोनाली असं नाव होतं. मागच्या काचेवरचं धम्मचक्र तिने पाहिलं असावं.

"जय भीम, आजी," ती म्हणाली. "यात जरा फुंका बरं. सगळ्यांचंच घेऊन राहिलो."

मी तिच्या जय भीमला जय भीम म्हटलं नाही. काल रात्रीपासून हेच आठवतंय. मी म्हणाले, "आय नो माय राइट्स. यू कॅनॉट कंपेल मी."

टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक कॉलवर साहेब लोकांशी बोलायचे तो आवाज निघाला. इतकी वर्षं कुठे होता कोण जाणे.

"नळी नवी आहे, आजी. हे पाहा, तुमच्यासमोरच फोडते."

"नो."

"काहून भिऊन राहिल्या? काही नसन तर मिनिटात मोकळ्या."

मी वरच्या अधिकाऱ्याला बोलवायला सांगितलं, तेही इंग्रजीत. एक वयस्क हवालदार आले. "बाई," ते म्हणाले, "मशीनले इंग्रजी समजत नाही. तिले फुंक समजते." मागच्या स्कूटरवाल्यांत हशा पिकला. मी काच वर केली. मोनालीने ती वाजवली. मग दार उघडलं.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर मध्यंतरी एक मजकूर फिरत होता, की श्वासाच्या चाचणीला नकार देणं हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे आणि बाईला तर कोणी हात लावू शकत नाही. मी तो चार मैत्रिणींना पुढे पाठवला होता.

ठाण्यात त्यांनी पुन्हा नळी पुढे केली. पुन्हा नाही म्हणाले. आता हो म्हटलं तर आधीचं नाही खोटं ठरेल, असं काहीतरी डोक्यात होतं. संघपाल आला, पाठोपाठ प्रशिक. प्रशिक माझ्या धाकट्या दिराचा मुलगा, वकील आहे. दीप्ती रिक्षाने आली आणि बोधीला घेऊन गेली. जाताना सुनेने माझ्याकडे पाहिलं नाही. रक्त घ्यायला डॉक्टर मिळेपर्यंत फार वेळ गेला. अटकेपासून दोन तासांत तपासणी झाली नाही तर सोडावं लागतं, असं म्हणून प्रशिकने मला सोडवलं. लायसन्स त्यांनी ठेवून घेतलं.

घरी आलो. झोप येईना, म्हणून कपाटातल्या, आयरीनने दिलेल्या बाटलीतलं थोडंसं घेतलं. औषधापुरतं.


२८ डिसेंबर, शनिवार

प्रशिक आला होता. मी विचारलं, "नकार देता येतो ना?"

"येतो, मोठी आई. कोणी तुझ्या तोंडात नळी कोंबत नाही. पण तो फुकट नाही मिळत. पोलिसाला संशय आला असला तर त्या नकारावरच अटक करता येते, वॉरंटशिवाय. ठाण्यात पुन्हा एक संधी देतात. तिथंही नाही म्हटलं तर रक्त."

"रक्त तर घेतलं नाही."

"तेच आपलं नशीब. आकडा कुठंच नाही. उरली ती मोनाली. ती म्हणते वास येऊन राहिला होता, डोळे लाल होते. नुसता तिचा शब्द असता तर मी उभा राहू दिला नसता. पण कलम दोनशे पाच आहे. योग्य कारण नसताना नकार दिला, तर कोर्ट त्या नकाराचा टेकू सरकारी पुराव्याले देऊ शकते."

"म्हणजे मी फुंकलं असतं तर बरं झालं असतं?"

"आकडा तीसच्या मर्यादेत आला असता तर घरी येऊन चहा प्याली असती. वर आला असता तर दंड. तुरुंगाचीही तरतूद आहे, पण या वयात, पहिल्याच वेळी कोण टाकते?"

"योग्य कारण म्हणजे काय?" संघपालने विचारलं.

"आता बघ, दम्याच्या माणसाले फुंकता येत नाही."

स्वयंपाकघरात दीप्तीने नळ बंद केल्याचा आवाज आला.

"आईला दमा आहे," संघपाल म्हणाला.

"नाही रे," मी म्हणाले.

"आहे. थंडीत खोकत नाहीस का तू?"

प्रशिकने पुढची मांडणीही सांगून टाकली. बाई सांगत होत्या की मला श्वास पुरत नाही, कॉन्स्टेबलने ऐकलं नाही. मोनालीच्या वरिष्ठांकडे एक अर्ज टाकला की आपली बाजू भक्कम.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते. त्या खोलीत कोणीही मला विचारलं नाही की तू प्यायली होतीस का. मला ते बरं वाटलं. वाटायला नको होतं.

आणि विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, मनापासून. दारू मी जन्मात प्याले नाही. दारू म्हणजे पाचपावलीच्या गल्लीत माझा मामा पिऊन पडायचा, ती. माझी आई भीमाबाई छप्पन साली पांढरं लुगडं नेसून दीक्षेला गेली, तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेल. घरी आल्यावर तिने भावाचं मडकं अंगणात फोडलं, आणि त्याच्या हातचा मारही खाल्ला. पुढे ती कॉन्व्हेंटमध्ये आया झाली, सिस्टर लोकांच्या चादरी धुतल्या, म्हणून मला तिथे शिकता आलं. दारू म्हणजे ते मडकं. आयरीनचा पेला मेजपोशावर असतो. या दोन्हींना एकच नाव असेल असं मला कधी सुचलंच नाही. दर रविवारी विहारात मी मुलांना पंचशील देते. पाचवं, मद्यापासून दूर राहण्याचं, म्हणताना आजवर कधी अडखळले नाही.


३१ डिसेंबर, मंगळवार

रामदासपेठेत संघपालचा मित्र आहे, डॉक्टर पियूष, छातीचा. त्याच्याकडे गेलो. फार गोड मुलगा. लहानपणी आमच्याकडे पोहे खायला यायचा.

त्याच्याकडेही फुंकायचं यंत्र निघालं. प्लास्टिकची नळी, वर सरकणारा काटा. मी भलीमोठी फुंक मारली, काटा वर गेला.

"नाही, काकू," तो म्हणाला. "एवढं जोरात नाही. कमी आलं पाहिजे."

मग मी हळू फुंकलं. तो म्हणाला, अजून हळू. अजून हळू फुंकलं. त्याने आकडा लिहून घेतला आणि चार वर्षांपासून दमा असल्याचं प्रमाणपत्र दिलं. एक पंपही दिला. जवळ असू द्या, म्हणाला. चौघांत दिसला पाहिजे.

पोलिसाच्या मशीनमध्ये खरं फुंकलं नाही. इथे खोटं फुंकून आले. परत येताना संघपालला सांगावंसं वाटत होतं, पण तो इतका दमलेला दिसत होता. माझ्यासाठीच दमला होता.


५ जानेवारी, रविवार

बोधीने विचारलं, "आजी, तुझी फुप्फुसं खराब आहेत?"

"कोणी सांगितलं?"

"बाबांनी. म्हणून तू पोलिसांच्या मशीनमध्ये फुंकली नाहीस. फुंकली असती तर तुझा श्वास संपला असता."

मी तिच्या केसांतली क्लिप नीट केली. "असं काही नसतं गं," एवढंच म्हटलं. ते हो होतं की नाही, तिलाही कळलं नसेल.

पंप आता तिच्याकडे असतो. गळ्यात अडकवायची एक छोटी पिशवी तिने शोधून काढली आणि त्यात ठेवला. मी जिन्याकडे वळले की धावत येते आणि हाताला धरते. फार दिवसांनी कोणी माझा असा हात धरला.

दीप्तीने शाळेसाठी व्हॅन लावली आहे. "आता आणायला जायची दगदग नको तुम्हाला, आई." किती समजूतदार मुलगी. गाडीची किल्लीही फ्रिजवरून हलवली आहे. कुठे ठेवली ते मी विचारलं नाही.


९ जानेवारी, गुरुवार

दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर नाकाशी काहीतरी गार. बोधी माझा पावडरीचा आरसा धरून बसली होती.

"हे काय गं?"

"वाफ येते का बघत होते. तू जेवल्यावर खूप गाढ झोपतेस. हाक मारली तरी उठत नाहीस. मला वाटलं..."

पुढे बोललीच नाही. मी तिला कुशीत ओढलं. तिने डोकं आधी माझ्या छातीवर ठेवलं, ऐकलं, आणि मगच मिठी मारली.

आज सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण दोन वाक्यांनी काम भागलं नसतं. दमा नाही म्हटलं की पुढचं सगळं आलं.

आयरीनने बोधीच्या व्हॅनवाल्याच्या हाती बाटली पाठवली, तो तिच्याच गल्लीतला. हल्ली बाटली लवकर संपते. लहान बाटल्या वापरायला लागली असावी.


१२ जानेवारी, रविवार

आज विहारात जे झालं ते लिहिताना कान तापले आहेत.

वंदनेला नेहमीची माणसं होती. पुढे मुलं, मागे बायका, कडेला चार म्हातारे. मेणबत्त्या लागल्या, अगरबत्ती लागली. मी उठून पुढे गेले. इतक्यात बोधी मुलांतून उभी राहिली.

"ती अगरबत्ती विझवा ना," ती म्हणाली. "आजीला धूर चालत नाही. तिला दमा आहे."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. आमच्या गल्लीतल्या शेवंताबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, मूर्तीसमोरच्या अगरबत्त्या काढल्या आणि बाहेर नेऊन मातीत खुपसल्या. मग मेणबत्त्याही विझवल्या. "सांगायचं नाही काय वं प्रेमिलाबाई," त्या म्हणाल्या. "इतके दिवस तुले धुरात उभं केलं आम्ही." कोणी खिडक्या उघडल्या. कोणी खुर्ची आणली. आजवर त्या हॉलमध्ये मी खुर्चीवर बसून शील दिलं नव्हतं.

बुद्धापुढे काळोख करून मी शील द्यायला बसले.

पहिलं दिलं, दुसरं, तिसरं. मुलं मागून म्हणत होती. चौथं आलं. मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन. माझा आवाज फुटेना. मुलं वाट बघत होती. बोधीने गळ्यातली पिशवी उघडली, धावत आली आणि सगळ्यांसमोर पंप माझ्या तोंडाला लावला. "घे आजी, ओढ."

मी ओढला. कडू फवारा जिभेवर बसला.

"पाहा बाप्पा," मागून कोणी म्हणालं, "आणि अशा बाईले पोलिसांनी फुंकाले लावलं."

"कोण होती ती पोरगी?" दुसरीने विचारलं. "आपल्यातलीच म्हणतात ना? लाज नाही वाटली तिले?"

चौथं आणि पाचवं शील शेवंताबाईंनी पूर्ण केलं. निघताना सगळ्यांनी मला वाट करून दिली. मोनालीबद्दल ते बोलत होते तेव्हा मी खुर्चीत बसून पाणी पीत होते.


१३ जानेवारी, सोमवार

बोधी शाळेत गेल्यावर दीप्ती माझ्या खोलीत आली. दारातच उभी राहिली.

"कोर्टात काय सांगायचं ते तुम्ही आणि हे बघा," ती म्हणाली. "मी मध्ये पडणार नाही. पण पोरगी रात्रीची उठून बसते. आजीचा श्वास बंद पडेल म्हणते. मी तिला काय सांगू?"

"तू काय सांगतेस?"

"मी काहीच सांगत नाही. तुमच्यासाठी गप्प आहे. पण आई, मी गप्प असते म्हणून मला काही दिसत नाही, असं समजू नका."

तिला काय दिसतं ते मी विचारलं नाही. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं, ते लावून घेतलं.


३ फेब्रुवारी, सोमवार

कोर्ट झालं.

सिव्हिल लाइन्सच्या त्या कोर्टात आम्ही बाकावर बसलो होतो, मी, संघपाल आणि प्रशिक. समोर दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यांची रांगच होती. सगळे पुरुष. कोणी बुटीबोरीच्या कारखान्यातला, कोणी ऑटोवाला, एक टाय लावलेला. मॅजिस्ट्रेट बाई चष्म्यावरून बघून विचारत होत्या, "गुन्हा कबूल?" आणि एकेक जण म्हणत होता, "कबूल, मॅडम." प्रत्येकाचा आवाज सारखाच खाली यायचा. माझ्या शेजारचा ऑटोवाला मला म्हणाला, "माताजी, तुमचा मुलगा आहे का केसमध्ये?"

"मी आहे," मी म्हणाले. त्याने पाय मागे घेतले आणि बाकावर मला जास्त जागा दिली.

माझं नाव पुकारलं. प्रशिक फाइल घेऊन उठला. प्रमाणपत्र त्याच्या हातात होतं, अजून दिलं नव्हतं. "गुन्हा नाकबूल. माझ्या अशिलांना..."

"कबूल आहे," मी म्हणाले.

प्रशिक वळला. "मोठी आई, बस."

"काय कबूल करताय, समजतंय का तुम्हाला?" मॅजिस्ट्रेट बाईंनी विचारलं.

"हो. मी प्यायले होते. मशीनमध्ये कळलं असतं म्हणून फुंकलं नाही. मला दुसरं काही कारण नव्हतं. त्या पोलीस मुलीने मला तीनदा नीट विचारलं. आठ वर्षांची नात मागच्या सीटवर होती."

"नातीचं आरोपपत्रात नाही."

"नाही. मी सांगते आहे."

मराठीतच बोलले. मॅजिस्ट्रेट बाई लिहायला लागल्या. दंड झाला. लायसन्स सहा महिने निलंबित झालं. पुढचा माणूस पुकारला. संपलं, इतक्या लवकर.

बाहेर प्रशिक म्हणाला, "जिंकलेली केस होती. आता मी पियूषचा कागद काय करू?"

"फाडून टाक."

"आणि मोनालीवरचा अर्ज?"

"तो दिलाच नाहीस ना अजून?"

"नाही."

"मग तोही."

संघपालने गाडी घरी आणली. दारात म्हणाला, "आई, माझ्यासाठी तरी..." आणि आत गेला. त्याने माझ्यासाठी मित्राला खोटं लिहायला लावलं होतं, आणि मी त्याला भर कोर्टात उघडं पाडलं. त्याची माफी कशी मागायची ते कळत नाही.

तरी फार हलकं वाटलं. इतक्या दिवसांनी संध्याकाळी शांतपणे थोडी घेतली. गाडी आता चालवायची नाही. मग कोणाचं काय बिघडणार?


६ फेब्रुवारी, गुरुवार

बोधीला सांगितलं.

ती पलंगावर बसून चित्र रंगवत होती. पिशवी गळ्यातच होती.

"बोधी, मला दमा नाही."

"बरा झाला?"

"नव्हताच."

तिने खडू खाली ठेवला. "पण डॉक्टरकाकांनी पंप दिला."

"आम्ही मागितला म्हणून दिला. ते खोटं होतं. आम्ही सगळे खोटं बोललो, मी सगळ्यांत जास्त."

"मग तू फुंकली काहून नाहीस?"

"आयरीन आजीकडे मी वाइन प्यायले होते. ती पिऊन गाडी चालवायची नसते. मशीनला कळलं असतं."

तिने चित्र उलटं करून ठेवलं.

"मी तुला हळू म्हटलं होतं," ती म्हणाली. "तू हसत होतीस. गाडी ठक्‌ करून लागली तरी हसत होतीस. नंतर मला वाटलं, ते दम्यामुळे."

मी हसत होते हे मला आठवत नाही. अजूनही आठवत नाही.

"म्हणजे तू मरणार नव्हतीस?"

"नाही गं."

"मग मी रात्री उठायची ते?"

माझी आई असती तर तिला उत्तर सुचलं असतं. तिने निदान मडकं तरी फोडलं असतं. बोधीने पिशवी गळ्यातून काढली, माझ्या उशीवर ठेवली आणि खडू गोळा करून बाहेर गेली. रडली नाही. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं.


९ फेब्रुवारी, रविवार

विहारात गेले. पुढे गेले नाही, मागे चटईवर बसले. शेवंताबाईंना आधीच घरी जाऊन सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझा नवरा तीस वर्षं प्याला. मी तुलेच बोलवून आणत होती त्याले समजवाले. आठवते?"

आठवतं. मी त्यांच्या नवऱ्याला काय काय बोलले तेही आठवतं.

"लोकं बोलतीन," त्या म्हणाल्या. "बोलू दे. पण तू येत राहा वं. घरी बसशीन तर अजून पिशीन."

आत्ता लिहिताना मी 'अजून' या शब्दावर थांबले. मी त्यांना नाताळचंच सांगितलं होतं.

अगरबत्ती आज लावली होती. बोधी तिच्या आईजवळ बसली, माझ्यापासून लांब. पाचव्या शिलाला तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी ओठ हलवत होते, आवाज काढत नव्हते. तिला ते दिसलं असणार.


१७ फेब्रुवारी, सोमवार

काही दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. संघपाल बोलतो, कामापुरतं. बोधी दुपारी माझ्या खोलीत येत नाही.

आज संध्याकाळी आली. मी खिडकीशी बसले होते. दीप्ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती, परातीचा आवाज येत होता. बोधी सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हात मागे बांधून.

"आजी, फुंक."

"काय?"

"माझ्या नाकाशी तोंड आण आणि फुंक."

मी हसले. "हा काय नवा खेळ?"

"खेळ नाही."

ती तशीच उभी होती. चेहरा वर केलेला, डोळे मिटलेले. मी काय काय करू शकत होते ते मला सगळं सुचलं. आजीशी असं बोलतात का, असं म्हणता आलं असतं. जा, अभ्यास कर, असं म्हणता आलं असतं. तिने ऐकलं असतं, ती चांगली मुलगी आहे. इथे कोणी मला अटक करणार नव्हतं. नकाराचं कारण कोणी मागणार नव्हतं. ती नुसती परत गेली असती, आणि पुन्हा कधी विचारलं नसतं.

थोड्या वेळापूर्वी मी नेहमीएवढीच घेतली होती. वर बडीशेप खाल्ली होती. बडीशेप मी रोज का खाते, हे मी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

मी वाकले आणि फुंकलं.

तिने डोळे उघडले.

"वास येतो," ती म्हणाली. "बडीशेपेचा पण येतो आणि त्याचा पण."

"हो."

"आज नाताळ नाही."

"नाही."

"काल पण घेतली?"

"हो."

"रोज?"

मी "रोज" म्हणाले. हा शब्द मी पहिल्यांदाच कोणासमोर उच्चारला, आणि तो माझ्या आठ वर्षांच्या नातीसमोर.

ती ओठ चावत होती. "आईला सांगू?"

"नको," मी म्हणाले. "मी सांगते."

तिच्या खांद्यावर हात ठेवून उठले आणि दीप्तीला हाक मारली. मोठ्याने मारावी लागली. दीप्ती कणकेने भरलेल्या हातांनीच दारात आली. काय झालं, म्हणाली. मला वाटलं होतं मी काहीतरी बोलेन. मी तिच्याजवळ गेले, तिच्या चेहऱ्याशी तोंड नेलं आणि पुन्हा फुंकलं.